सुनेची सही

इंग्लंडमध्ये स्विंडनच्या एका मोफत सल्ला केंद्रात मी आठवड्यातून एकदा बसतो. पोर्तुगीज पासपोर्टवर आलेले गोंयकार या गावात पुष्कळ. त्यांतल्याच पेडण्याच्या एक मावशी, वय बासष्ट, २०२५ च्या जुलैत आल्या. बसायच्या आधीच त्यांनी बँकेचं कार्ड टेबलावर ठेवलं. "पेन्शनची वर्षं विकत घ्यायचीत. कुठे भरू?"

सल्ला कुणी दिला होता कोण जाणे, पण खोटा नव्हता. इथल्या सरकारी पेन्शनला नॅशनल इन्शुरन्सची, म्हणजे पगारातून कापल्या जाणाऱ्या सरकारी वर्गणीची, किमान १० वर्षं लागतात, पुऱ्या पेन्शनला ३५. रिकामं वर्ष पैसे टाकून भरता येतं. एकेका वर्षाला ९०० पौंडांच्या वर. म्हटलं, आधी खातं तर बघू.

त्यांच्याच फोनवर उघडलं. पॅकिंगच्या कारखान्यातली सात वर्षं भरलेली, २०१९-२० पासून पुढे सगळी अपूर्ण. "अहो, एक दिवस घरी बसले नाही मी!" मावशी उखडल्याच. खरंच नव्हत्या बसल्या. सकाळी एका ऑफिसची सफाई, संध्याकाळी शाळेची. मालक दोन, दोन्हीकडे आठवड्याला दहा-दहा तास. २०२४-२५ च्या पगारपावत्यांवर प्रत्येकी ११४ पौंड, आणि वर्ष मोजायला त्या साली एकाच नोकरीत १२३ लागत होते. दोन पगारांची बेरीज कुणी करत नाही. तेच वीस तास एका मालकाकडे केले असते, तर एक पेनीही न कापता वर्ष भरलं असतं! ज्याला धड एक नोकरी मिळत नाही त्यालाच हा नियम मारतो, याचा मला दरवेळी संताप येतो.

"दोन कामांच्या मधे काय करता?"

"नात सांभाळते. सून केअर होममध्ये असते ना."

मी कार्ड त्यांच्याकडे परत सरकवलं. बारा वर्षांखालच्या मुलासाठी जो चाइल्ड बेनिफिट हा सरकारी भत्ता घेतो, त्याच्या खात्यात आठवड्यागणिक क्रेडिट पडतं, म्हणजे पैसे न भरताही तो आठवडा पेन्शनसाठी मोजला जातो. सुनेचं वर्ष पगारातूनच भरत होतं, म्हणजे तिचं क्रेडिट नुसतं पडून. ते नातवंडं सांभाळणाऱ्या आजीच्या नावावर करता येतं, अगदी एप्रिल २०११ पासूनचं. युनिव्हर्सल क्रेडिट किंवा केअरर्स अलाउन्स असले सरकारी भत्ते घेणाऱ्यांची क्रेडिटची नोंद आपोआप होते. ही मात्र मागून घ्यावी लागते. फॉर्म सीए ९१७६, आणि त्यावर सुनेची सही.

"सुनेची?" मावशींचा चेहरा पडला. "तिच्याकडे मागायचं? त्यापेक्षा पैसे भरते."

त्या घरात काय शिजत होतं ते मी विचारलं नाही. फोन मात्र तिथूनच लावायला लावला. पलीकडून क्षणभर काहीच नाही, मग, "आई, माझं काय जातंय त्यात? आणा फॉर्म."

२०१९-२० ते २०२३-२४ अशा पाच वर्षांचा अर्ज गेला. इथलं वर्ष एप्रिल ते एप्रिल, आणि नुकत्याच सरलेल्या वर्षाला ३१ ऑक्टोबर उलटेपर्यंत हात लावता येत नाही, म्हणून २०२४-२५ मागे ठेवलं. यथावकाश खात्यात सातची बारा झाली. सातवर पेन्शन शून्य होती; बारावर, २०२५-२६ च्या दराने, आठवड्याला सुमारे ७९ पौंड.

पुढच्या अर्जाला यजमानही सोबत आले. "शाळेतून नातीला मीसुद्धा आणतो. मला किती?" एका आईचं क्रेडिट एका वेळी एकालाच, आणि तुमची वर्षं गोदामाच्या पगारातून भरतायतच, असं मी सांगितलं.

"मग उद्यापासून तूच जा आणायला," ते मावशींना म्हणाले.