घरचं हॉस्पिटल-लॅब: रोलबॅक केला आणि एक्स-रे भलत्याच पेशंटचा उघडला

मंडळी, हॉस्पिटलची संगणक-यंत्रणा घरीच उभी करून बघायची माझी प्रॉक्समॉक्सवरची (एकाच पीसीवर अनेक आभासी संगणक चालवणारी प्रणाली) मांडणी आता स्थिरावली आहे. ३२ जीबी रॅमचा जुना ऑफिस पीसी, दोन एसएसडींवर झेडएफएस मिरर (तोच डेटा दोन्ही डिस्कवर) आणि त्यावर दोन व्हीएम, म्हणजे आभासी संगणक. एकीत ओपनएमआरएस, म्हणजे पेशंटच्या नोंदी आणि तपासण्यांच्या ऑर्डरी. दुसरीत ऑर्थँक, म्हणजे एक्स-रे आणि सीटीच्या डायकॉम (वैद्यकीय प्रतिमांच्या ठरलेल्या प्रकारच्या) फाइली. पेशंट सगळे सिंथिया या बनावट पेशंट बनवणाऱ्या प्रोग्रामने तयार केलेले, काल्पनिक. खऱ्या माणसाचा एकही रिपोर्ट घरच्या मशीनवर आणायचा नाही, हे मी कटाक्षाने पाळतो. तुम्हीही पाळा.

दोन व्हीएम मुद्दाम वेगळ्या ठेवल्या. सीटीचा एक स्लाइस ५१२ × ५१२ पिक्सेल, पिक्सेलला २ बाइट, म्हणजे अर्धा एमबी. ३०० स्लाइस झाले की १५० एमबी. ही फाइल एकदा आली की बदलत नाही. उलट ओपनएमआरएसचा डेटाबेस लहानसा, पण दर मिनिटाला बदलणारा. त्यामुळे दोघांचं बॅकअपचं वेळापत्रक वेगळं असणं साहजिक वाटतं. या वेळी नेमकं तेच तपासायचं होतं.

ओपनएमआरएसच्या व्हीएमचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीच्या स्थितीची नोंद, घेतला. मग छातीच्या एक्स-रेच्या काही ऑर्डरी टाकल्या. प्रत्येक ऑर्डरचा क्रमांक डायकॉमच्या अॅक्सेशन नंबरच्या (तपासणी ओळखायच्या क्रमांकाच्या) रकान्यात भरून नमुना फाइली ४२४२ पोर्टवर ऑर्थँकला पाठवल्या. अपग्रेड फसल्यावर करतात तसा फक्त ओपनएमआरएसचा रोलबॅक केला, म्हणजे ती व्हीएम स्नॅपशॉटच्या स्थितीला परत नेली. ऑर्डरी गायब झाल्या, फोटो ऑर्थँकमध्ये बेवारस राहिले. इथवर अपेक्षितच होतं.

नंतर वेगळ्याच पेशंटसाठी नवी ऑर्डर टाकली. तिला क्रमांक मिळाला ओआरडी-४१२. हाच क्रमांक रोलबॅकच्या आधी दुसऱ्या बाईंना मिळाला होता. 'फोटो पाहा' दाबल्यावर त्या बाईंची छाती समोर! कुठेही एरर नाही, लाल खूण नाही. पुढच्या क्रमांकाचा आकडा ओपनएमआरएस स्वतःच्याच डेटाबेसमधल्या सेटिंगमध्ये ठेवतं. डेटाबेस मागे गेला की तो आकडाही मागे जातो. ऑर्थँकला याचा पत्ता नसतो.

डेटा गेला तर निदान गेल्याचं कळतं. हा बिघाड दिसतच नाही, म्हणून मला तो जास्त भयंकर वाटतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयावर सायबर हल्ला झाला तेव्हा पाच सर्व्हरवरचा सुमारे १.३ टीबी डेटा एन्क्रिप्ट झाला, म्हणजे वाचता येईनासा झाला, असं सरकारने राज्यसभेत सांगितलं. अशा प्रसंगी प्रत्येक व्हीएम हाताशी असेल त्या बॅकअपवरून उभी करावी लागते, आणि सगळे बॅकअप एकाच क्षणाचे असतील याची खात्री कोण देणार?

आता तीन गोष्टी बदलल्या आहेत. फोटो शोधताना अॅक्सेशन नंबरसोबत पेशंट आयडीही जुळलाच पाहिजे. नाही जुळला तर फोटो उघडतच नाही. रोलबॅकनंतर पहिलं काम म्हणजे ऑर्थँकमधला सर्वांत मोठा क्रमांक बघून ओपनएमआरएसचा आकडा त्याच्या पुढे सरकवणं. आणि ओपनएमआरएसच्या मायएसक्यूएल डेटाबेसचा बायनरी लॉग, म्हणजे प्रत्येक बदलाची क्रमवार नोंद, सतत या दोन व्हीएमबाहेरच्या एका कंटेनरमध्ये उतरवून घेतो. तो त्याच व्हीएमच्या डिस्कवर ठेवला तर रोलबॅकबरोबर तोही मागे जातो, म्हणून बाहेरच हवा. स्नॅपशॉटपासून पुढचा लॉग चालवून (त्यातले बदल पुन्हा लागू करून) बघितला तेव्हा गेलेल्या ऑर्डरी त्यांच्या मूळ क्रमांकांसकट परत आल्या. फार बरं वाटलं. लॉग शेवटपर्यंत चालवला तर क्रमांकाचा आकडाही आपोआप जागेवर येतो. पण फसलेल्या अपग्रेडचे बदल त्यातच असतील तर त्याआधी थांबावं लागतं, आणि तेव्हा तो हातानेच सरकवायचा.

पुढचा टप्पा बिलिंगचा, त्यासाठी ओडू हे हिशेबाचं सॉफ्टवेअर जोडायचं आहे. त्याचा डेटाबेस पोस्टग्रेस, म्हणजे मागे-पुढे होऊ शकणारं तिसरं घड्याळ. कुणी हे तिन्ही एकत्र चालवत असेल तर रिस्टोअरचा क्रम काय ठेवता, ते नक्की लिहा.