इंजिन खाली केलं आणि पाणी आलं

हौशी बोटवाल्यांच्या संघटनेतर्फे सरकारी सुनावण्यांना जायचं काम मी बरीच वर्षं करतोय, मसुदा वाचायचा, हरकती लिहायच्या, तारखेला हजर राहायचं. पण त्या सुनावणीइतकं दुसरं काहीच डोक्यात राहिलेलं नाही.

मसुद्यातलं कलम दोन ओळींचं होतं. झेब्रा मसल नावाच्या शिंपल्यांचा धोका आहे म्हणून तलावावरचा बोटी उतरवायचा रॅम्प बाहेरच्या सगळ्या बोटींना कायमचा बंद. तलावात अजून हे शिंपले आलेले नाहीत, पण ट्रेलरवर बोट घालून येणारे लोक जिथून येतात तिथल्या काही तलावांत आहेत. माझं भाषण तयार होतं. उत्तर अमेरिकेतल्या ग्रेट लेक्समध्ये हे शिंपले मालवाहू जहाजांच्या बॅलास्टच्या पाण्यातून, म्हणजे जहाजाचा तोल राखायला टाक्यांत भरलेल्या पाण्यातून आले, १९८८ मध्ये लेक सेंट क्लेअरमध्ये सापडले, मग शिक्षा रविवारी शिडाची बोट घेऊन येणाऱ्या माणसाला का, असा सगळा रोख.

माझ्या आधी पाणीपुरवठ्याचे एक इंजिनिअर उठले. पिशवीतून हातभर लांबीचा पाइपाचा तुकडा काढून टेबलावर ठेवला, आतून शिंपल्यांनी असा भरलेला की जेमतेम अंगठा गेला असता. म्हणाले, "हा ज्या तलावातला आहे तिथे जहाज कधी गेलेलंच नाही, हे ट्रेलरवरून आलंय." हॉल गप्प. आणि मला माहीत होतं ते खरं बोलतायत, कारण २००७ च्या जानेवारीत याच शिंपल्यांचे भाऊबंद, क्वागा मसल, अमेरिकेतल्या लेक मीड या धरणाच्या तलावात सापडले, आता वाळवंटातल्या धरणात मालवाहू जहाज कुठून जाणार. ही गोष्ट मी भाषणातून मुद्दाम वगळली होती. त्याची मला खरंच लाज वाटली.

मग मी भाषण बाजूला ठेवलं आणि सुनावणीच्या अध्यक्ष मॅडमना म्हटलं, माझी बोट बाहेर पार्किंगमध्येच आहे, पाच मिनिटं येता का. परवाच दुसऱ्या तलावातून काढलेली, बूच उघडून पाणी काढलेलं, फडक्याने पुसलेली. काळजी घेणारा बोटवाला कसा असतो ते दाखवायचं होतं. तळावरून हात फिरवा म्हटलं, बारीक शिंपले चिकटलेले असले तर सँडपेपरसारखं खरखरीत लागतं. मॅडमनी हात फिरवला, गुळगुळीत.

इंजिनिअर शांतपणे म्हणाले, "इंजिन खाली करा की."

प्रवासासाठी आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावलेलं इंजिन, वर उचलून ठेवलं होतं ते खाली केलं आणि कूलिंगच्या वाटेत अडकलेलं पाणी धार लागून सिमेंटवर पडायला लागलं. दोन दिवसांनंतर! मॅडमनी विचारलं, यात शिंपल्यांच्या अळ्या असू शकतात? म्हटलं हो, डोळ्याला दिसत नाहीत आणि गारव्यात अशा पाण्यात कित्येक दिवस जगतात.

पण मग तिथेच, त्या ओल्या सिमेंटवर उभं राहून मी माझा खरा मुद्दा मांडला. मॅडम, रॅम्पला कुलूप लावलंत तर लोक पलीकडच्या काठाने गवतातून बोटी आत ढकलतील, पहाटे, कुणी नसताना, आणि तिथे इंजिन खाली करा म्हणणारा हा माणूस नसेल. रॅम्प उघडा ठेवा, ठरलेल्या वेळातच ठेवा, तिथे तपासणीला माणूस ठेवा, बोट धुवायला ६० अंश गरम पाण्याचा वॉशर ठेवा, बोट साफ, रिकामी, कोरडी असेल तरच आत. फी आमच्याकडून घ्या. हे शेवटचं वाक्य संघटनेला न विचारता बोललो, कबूल आहे, पण पाण्यावरचा हक्क हवा तर पाणी राखायचा खर्चही आपलाच, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

त्या दिवशी निर्णय झाला नाही. बंदीचं कलम राखून ठेवलं आणि आमच्याकडून १५ दिवसांत लेखी योजना मागितली. इंजिनिअरसाहेबांना विचारून वॉशरचा भाग लिहिला, इंजिन आतून किती वेळ गरम पाण्याने फ्लश करायचं वगैरे त्यांनीच नीट समजावून सांगितलं.

संघटनेत मात्र फीवरून दोन तट पडलेत. एका जुन्या मेंबर काकांनी फोन करून विचारलं, तू नक्की आमच्या बाजूचा की त्यांच्या? मी त्यांना म्हटलं, काका, रविवारी बोट घेऊन या आणि माझ्यासमोर फक्त इंजिन खाली करा, मग बोलू.