पूर ओसरल्यावर मुठेच्या काठी

२५ जुलै २०२४ ला पुण्याजवळच्या खडकवासला धरणातून मुठा नदीत ३५ हजार क्युसेकच्या आसपास पाणी सोडलं गेलं. सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत घरांमध्ये पाणी शिरलं, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंच. मी त्याच्या वरच्या अंगाला, नांदेड-शिवणे भागात नदीकाठच्या झाडोऱ्याचं काम करते. आसपासच्या सोसायट्यांतली माणसं, काठच्या शेतकरी घरांतली मंडळी, वनस्पतिशास्त्र शिकणारी मुलं आणि रोपवाटिकेतल्या मावश्या असा आमचा मिळून गट आहे. पाणी उतरून काठावर पाय ठेवता येईल असं झालं त्या सकाळी आम्ही जमलो, तेव्हा काय शिल्लक असेल याचा कुणालाच अंदाज नव्हता.

मुठा आता आपल्या मनाने वाहत नाही. वर टेमघर, वरसगाव आणि पानशेत ही धरणं, त्यांच्या खाली खडकवासला. वर्षातले बरेच महिने पात्रात सांडपाण्याचीच काय ती धार असते, आणि दरवाजे उघडले की काही तासांत नदी काठोकाठ. बंद केले की तशीच भराभर खाली. काठाला खरा धोका असतो तो या उतरण्यात. पाणी चढलेलं असतं तेव्हा त्याचाच दाब काठाला धरून ठेवतो. ते झपाट्याने ओसरलं की आत मुरलेल्या पाण्याने जड झालेली माती आधार नसल्यामुळे खचते. म्हणून आम्ही वृक्षारोपणाचे खड्डे रांगेत मारत बसत नाही. पात्रातल्या खडकांच्या खाचांत शेरणीची झुडपं, त्यांच्या वर लव्हाळा आणि वाळुंज (आपल्याकडचा विलो), आणखी वर करंज, उंबर, जांभूळ. कोणतं झाड किती दिवस पाण्याखाली तग धरतं, त्यावर त्याची जागा ठरते.

पहिल्या नजरेत सगळं गेलं असंच वाटलं. काठभर करडा गाळ, आणि ज्या झुडपाकडे पाहावं त्यावर प्लास्टिकच्या पिशव्या, चिंध्या, थर्माकोल, जलपर्णीचे वाळके गुंते. कुणीतरी पूर्वी हौसेने लावलेला एक गुलमोहर मुळांसकट आडवा झाला होता आणि त्याच्यामागची कड ट्रकभर तरी ढासळली होती. शेजारची वाळुंजं मात्र प्रवाहाच्या दिशेने झोपली होती, मोडली नव्हती. एका खोडापाशी मी गाळ हाताने बाजूला केला. खोडालाच तांबूस मुळ्यांचा दाट झुबका फुटलेला, आणि त्यात पोयटा असा गच्च अडकलेला की बोट आत जाईना.

एवढ्यात वरच्या रस्त्याने जेसीबी आला. पुरानंतर काठ साफ करायचं काम त्याला दिलेलं होतं. चालक तरुण होता, बोलायला सरळ.

“मॅडम, मला काठ मोकळा करायला सांगितलाय. हे गवत, झुडपं, सगळं त्यात आलं.”

हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. पुरात टिकलेलं सगळं एका दुपारीत खरवडून निघालं असतं, आणि पुढच्या विसर्गाला काठ उघडा पडला असता. मी फोन लावेपर्यंत आमच्यातले आण्णा खाली उतरलेही. १९६१ च्या पानशेतच्या पुराच्या वेळी ते शाळकरी होते, आणि या काठावरची आपल्या घराची जमीन वाहून जाताना त्यांनी पाहिली आहे. त्यांनी चालकाला हाताला धरून आधी गुलमोहराच्या खड्ड्यापाशी नेलं, मग वाळुंजापाशी.

“हे बघ पोरा. ते पडलं, कड घेऊन गेलं. ह्यानं धरून ठेवली. आता तू हेच काढणार?”

तो खाली वाकला, खोड हलवून पाहिलं. म्हणाला, “आमच्याकडं ओढ्याला असलंच झाड हाय.” दरम्यान कनिष्ठ अभियंत्यांशी माझं बोलणं झालं. कचरा निघाला पाहिजे, झाडं कशी वाचवायची ते तुम्ही तिथेच ठरवा, असं ते म्हणाले. जागेवर न येता दिलेला असा शहाणा निर्णय मला फार मोलाचा वाटतो.

मग खरं काम सुरू झालं. फांद्यांवर कचरा तसाच राहिला तर पुढच्या पाण्यात प्रत्येक झुडूप शिडासारखं ताणलं जाऊन उपटतं, त्यामुळे तो आधी काढायला हवा. पोरं खाली सिकेटरने (छाटणीच्या कात्रीने) आणि कोयत्याने चिंध्या सोडवत होती, ढीग वर ओढत होती. जेसीबी वरच्या कच्च्या वाटेवरच उभा राहून बकेट खाली सोडायचा आणि भरून उचलायचा. एकदाही चाक काठावर आलं नाही. सुबाभूळ आणि बेशरम ही फोफावणारी परकी झाडं, ती दिसतील तिथे त्याच्याकडूनच उपटून घेतली. ते काम हाताने करायला आम्हाला हिवाळा लागला असता.

मोडून पडलेल्या वाळुंजाच्या फांद्या मावश्यांनी वाया जाऊ दिल्या नाहीत. अंगठ्याएवढ्या जाडीचे, हातभर लांबीचे छाट करून, ढासळलेल्या कडेच्या पायथ्याशी ओल्या गाळात तिरपे खोचले. वाळुंज छाटावरून सहज फुटतं, आणि नव्या गाळाइतकी चांगली जागा त्याला दुसरी मिळायची नाही. पान धरलं की त्यावर बिबट्यासारख्या ठिपक्यांचं केशरी फुलपाखरू अंडी घालायला येतं; मुलांनी ते लगेच वहीत टिपून घेतलं. करंज आणि उंबर त्या खचलेल्या पट्ट्यात यंदा लावायचे नाहीत, आधी माती बसू दे, असं आण्णांनी बजावलं आणि ते सगळ्यांना पटलं.

मोठी अडचण वेगळीच आहे. निळ्या पूररेषेच्या, म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या हद्दीच्या, आत रात्री बांधकामाचा राडारोडा टाकला जातो. त्याने पात्र अरुंद होतं आणि तेवढंच पाणी जास्त जोराने समोरच्या काठावर आदळतं. तिथे कोणतंही मूळ पुरं पडणार नाही. जाताना चालकाने स्वतःहून ट्रक उतरण्याच्या वाटेवर आडवा चर मारून दिला. तिथे रात्री लक्ष ठेवण्याची पाळी सोसायट्यांनी त्याच संध्याकाळी वाटून घेतली.