सालामांकातले पहिले दिवस

मुंबईहून माद्रिदला उतरल्यावर स्पेनमधील सालामांका या विद्यापीठाच्या शहरात शिकायला जाण्यासाठी बस आणि रेल्वे असे दोन्ही पर्याय आहेत. रेल्वे वेगाने पोहोचवते, पण ती चामार्तीन स्थानकावरून सुटते आणि तिथवर सामान वाहून न्यावे लागते; उलट बाराखास विमानतळावरूनच थेट बस मिळते आणि ती अडीच-तीन तासांत सालामांकात सोडते. वर्षभराचे सामान घेऊन पहिल्यांदा येणाऱ्याने बसच घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन.

इथले विद्यापीठ 1218 मध्ये लेओनचा राजा नववा आल्फोन्सो याने स्थापन केले, आणि स्पेनमधील आज चालू असलेल्या विद्यापीठांत ते सर्वांत जुने आहे. जुन्या शहरातील बहुतेक इमारती जवळच्या वियामायोर गावाच्या दगडात बांधलेल्या असल्यामुळे संध्याकाळच्या उन्हात त्या सोनेरी दिसतात. हे सगळे निवांत पाहायला पुढे भरपूर वेळ मिळतो. पहिला आठवडा मात्र कागदपत्रांसाठी राखून ठेवावा.

सहा महिन्यांहून अधिक काळ राहणाऱ्या विद्यार्थ्याला देशात प्रवेश केल्यापासून एका महिन्याच्या आत परदेशी रहिवाशाच्या ओळखपत्रासाठी, म्हणजे ज्याला सगळे 'तिए' म्हणतात त्यासाठी, अर्ज करावा लागतो. त्यासाठी राष्ट्रीय पोलिसांच्या कार्यालयाची वेळ ऑनलाइन घ्यावी लागते. तिला 'सीता प्रेविया' म्हणतात, आणि सप्टेंबरात सगळेच विद्यार्थी एकदम येत असल्याने ती सहज मिळत नाही. म्हणून घर ठरेपर्यंत न थांबता पहिल्याच दिवसापासून संकेतस्थळ पाहत राहावे. शुल्काचा 790-012 हा फॉर्म भरून त्याचे पैसे बँकेत भरावे लागतात, आणि अनेक बँका असे भरणे फक्त सकाळीच स्वीकारतात. दुसरे काम नगरपालिकेत पत्त्याची नोंद करण्याचे, म्हणजे 'एम्पाद्रोनामिएन्तो'चे. त्यासाठी भाडेकरार किंवा घरमालकाची संमती लागते, त्यामुळे खोली पाहायला गेल्यावर भाड्याच्या आधी हाच प्रश्न विचारावा. मला आवडलेल्या एका खोलीचे भाडे कमी होते, पण मालक पत्त्याची नोंद करू द्यायला तयार नव्हते. ती खोली मी सोडली, आणि पुढे प्रत्येक कार्यालयात पत्त्याचा दाखला मागितला गेला तेव्हा हा निर्णय योग्य ठरला. एका महिन्याचे भाडे अनामत म्हणून द्यावे लागते. त्याची पावती घ्यावी आणि खोलीचे फोटो त्याच दिवशी काढून ठेवावेत.

शहराच्या घड्याळाची सवय व्हायला कागदपत्रांपेक्षा जास्त वेळ लागतो. लहान दुकाने दुपारी दोनच्या सुमारास बंद होतात आणि पाचनंतर उघडतात, जेवण दोन-तीन वाजता, रात्रीचे जेवण नऊनंतर, आणि रविवारी बहुतेक किराणा दुकाने बंद असतात. तेव्हा शनिवारी पोहोचणाऱ्याने त्याच संध्याकाळी दूध, ब्रेड आणि फळे घेऊन ठेवावीत. रात्री नऊ-दहाच्या सुमारास प्लासा मायोर या मोठ्या चौकात सगळे गाव फिरायला बाहेर पडलेले असते: आजी-आजोबा, बाबागाडी ढकलणारे आईबाप, विद्यार्थ्यांचे घोळके. वर्गमित्रांनी भेटायला बोलावले तर ते याच चौकात, घड्याळाखाली.

शाकाहारी विद्यार्थ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. 'मांस नको' एवढे सांगून भागत नाही, कारण हॅम आणि ट्यूना यांना पुष्कळ जण त्यात धरत नाहीत. दोन्हींची नावे घेऊन नको म्हणावे. स्वयंपाक करणाऱ्यांसाठी मात्र हा प्रांत भाग्याचा आहे. आर्मुन्या भागातली मसूर आणि पेद्रोसियोचे बारीक हरभरे इथलेच, आणि चौकाशेजारच्या जुन्या लोखंडी बांधणीच्या मंडईत ते मिळतात. त्या मसुरीची साल पातळ असते आणि दाणा शिजल्यावरही आकार सोडत नाही. फोडणीत जिरे, लसूण आणि घरून आणलेला गोडा मसाला घातला की आमटी अगदी घरच्यासारखी होते. मसाले जरूर आणावेत, पण तूप, पेढे किंवा ताजा कढीपत्ता आणू नये: दुग्धजन्य पदार्थ आणि मांस प्रवाशांनी युरोपीय संघात आणायला बंदी आहे, आणि ताज्या पाल्यासाठी वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते.

शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटर उंचीवर असल्याने ऑक्टोबरपासूनच रात्री बोचऱ्या होतात. जाड कोट इथेच घ्यावा. पुण्या-मुंबईत मिळणारे स्वेटर पुरत नाहीत. खोली पाहताना हीटिंग इमारतीचे सामाईक आहे की स्वतंत्र, आणि त्याचे बिल भाड्यात धरले आहे का, हेही विचारावे.

डिसेंबरच्या सुटीत घरी जायचे असेल तर आणखी एक काळजी घ्यावी. मूळ व्हिसाची मुदत सहसा कमी असते, आणि तोवर ओळखपत्र हातात आले नसेल तर परत येण्यासाठी 'आउतोरिसासिओन दे रेग्रेसो' हा स्वतंत्र परवाना घ्यावा लागतो. त्याचीही वेळ आधी ठरवावी लागते, म्हणून विमानाचे तिकीट काढण्यापूर्वीच त्या खटपटीला लागावे.