आमची वाटचाल : २११ तासांचा ट्रॅक्टर

आमच्या शेडमध्ये आजही एक क्लच प्लेट, म्हणजे इंजिनची ताकद गिअरबॉक्सला जोडणारी चकती, खिळ्याला टांगलेली आहे. एका बाजूचं लायनिंग, म्हणजे घर्षणाचा थर, अर्धं उखडलेलं, उरलेलं अगदी कोरं. या प्लेटने आमचा धंदा बुडवत आणला होता आणि शेवटी तिनेच आमची बाजू खरी केली.

सुरुवात आम्ही दोघांनी केली, मी आणि मिस्त्रीकाका. भांडवल म्हणजे एक चेन पुली, ट्रॅक्टर मधून फोडायचे, म्हणजे पुढचा-मागचा भाग वेगळा करायचे, दोन स्टँड आणि काकांचा व्हर्नियर, बारीक माप घ्यायचं हत्यार. वीस-तीस एचपीचे जुने छोटे ट्रॅक्टर घ्यायचे, तपासायचे, दुरुस्त करायचे आणि विकायचे. रंग मारून विकायचं नाही, हे पहिल्या दिवशीच ठरलं होतं. काका म्हणायचे, रंगाखाली काय आहे ते आपल्यालाच दिसणार नाही, मग गिऱ्हाइकाला काय सांगणार?

ती प्लेट ज्यातली, तो ट्रॅक्टर आमच्याकडे आला तेव्हा इंजिनचे तास मोजणाऱ्या मीटरवर २११ तास होते आणि वय बारा वर्षं. मालकाने हौसेने घेतला, पाचेक वर्षं चालवला, मग पाठीचं दुखणं लागलं आणि ट्रॅक्टर ताडपत्रीखाली गेला तो सात वर्षं तिथेच. आम्ही टाकी धुतली, फिल्टर आणि बॅटरी बदलली, इंजिन लगेच बोललं. क्लच चिकटलेला होता. इंजिन गरम करून, पेडल दाबून, गिअरमध्ये झटका देऊन तो सोडवला. इथे आमची चूक झाली, ती मी लपवत नाही. ट्रॅक्टर फोडून प्लेट बघायला हवी होती. एक दिवसाचं काम होतं, ते आम्ही वाचवलं.

विकल्याच्या अकराव्या दिवशी क्लच गेला आणि इंजिनच्या क्रँकच्या मागच्या सीलमधून ऑइल गळू लागलं. गिऱ्हाईक आमच्याकडे येण्याआधी दुसऱ्या एका विक्रेत्याकडे गेलं. त्या विक्रेत्याने काही न उघडता, नुसतं उभं राहून निकाल दिला : मीटर फिरवलाय, हा दोन हजार तास चाललेला माल आहे. एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण त्याने हे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं. महिन्याभरात ठरलेले चार सौदे मोडले, विकलेले दोन ट्रॅक्टर परत आले. आम्ही पैसे परत केले आणि हात रिकामे झाले. काकांनी चार महिने पगार घेतला नाही. त्या दिवसांत मी स्टँड विकायला काढले होते. काकांनी ते ओढत आत नेले.

लोकांचा संशय मला कळतो. बारा वर्षांत २११ तास कसे, असं कोणीही विचारेल. पण हिशेब करून बघा. चार फुटी रोटाव्हेटर ताशी तीन किलोमीटरने चालवला तर एक एकर व्हायला तासापेक्षा थोडा जास्त वेळ लागतो, वळणं धरून दीड तास. दोन एकरवाल्याने वर्षातून तीनदा जमीन फिरवली तर नऊ तास झाले, ट्रॉलीचे आणखी दहा-पंधरा धरा. मोठ्या शेतावर जे तास एका हंगामात होतात, ते इथे दहा वर्षांत होतात. जपानमधून येणाऱ्या जुन्या ट्रॅक्टरांचंही तेच : भाताचे तुकडे लहान, ट्रॅक्टर घरचा, काम वर्षातून मोजके दिवस, आणि मग म्हातारा मालक शेतीच थांबवतो.

शिवाय मीटर मोजतो काय, हेही बघायला हवं. जुने केबलचे मीटर इंजिनच्या फेऱ्या मोजतात, वेळ नव्हे. कंपनीने ठरवलेल्या एका आरपीएमला (मिनिटाला इंजिनच्या फेऱ्या), बहुधा पीटीओच्या, म्हणजे अवजारं फिरवणाऱ्या मागच्या दांड्याच्या, ५४० फेऱ्या मिळतात त्या आरपीएमला, मीटरचा तास आणि घड्याळाचा तास एक. निम्म्या आरपीएमला मीटर अर्धाच पुढे जातो. नवे इलेक्ट्रिक मीटर बहुतेक सरळ वेळ मोजतात. केबल तुटलेली असेल किंवा अख्खं मीटरच बदललेलं असेल तर तो आकडा सोडून द्या आणि ट्रॅक्टरकडे बघा.

शेवटी आमच्यासाठी गुरुजी उभे राहिले. आमचं तिसरं गिऱ्हाईक, निवृत्त शिक्षक. ते म्हणाले, "बोलून काय उपयोग? सगळ्यांसमोर उघडा." आणि स्वतःचा ट्रॅक्टर शेजारी आणून लावला, अकरा वर्षं जुना, तासही तेवढेच कमी. सोबत त्यांची वही. चावी लावली की तारीख, काम आणि वेळ, एकही दिवस सुटलेला नाही.

ते गिऱ्हाईक आलं, सौदे मोडलेले दोघे आले. विक्रेत्याला निरोप दिला होता, तो आला नाही. काकांनी आधी टॉर्च धरून बेल हाउसिंगचे, म्हणजे क्लच झाकणाऱ्या कवचाचे, बोल्ट दाखवले. कारखान्यातला रंग बोल्टच्या डोक्यावरून हाउसिंगवर सलग उतरलेला, दुधावरच्या सायीसारखा, कुठे चीरही नाही. म्हणजे हा ट्रॅक्टर आजवर फुटलेलाच नाही, आत आहे ती कारखान्यातलीच प्लेट. मग पाना लावला. पहिल्या बोल्टला रंग तडकल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. प्लेट बाहेर आली. इंजिनच्या फ्लायव्हीलवर, म्हणजे प्लेट ज्याला टेकते त्या जड चाकावर, लायनिंगचा गंजलेला ठसा उमटलेला आणि लायनिंगचे तुकडे त्यालाच चिकटलेले. उरलेल्या भागाला काकांनी व्हर्नियर लावला : नव्या प्लेटशी पाव मिलिमीटरचाही फरक नाही. रोटाव्हेटरवर दोन हजार तास काढलेली प्लेट अशी राहत नाही. तिला चालण्याने नव्हे, उभं राहण्याने मारलं होतं.

गिऱ्हाइकाने तो ट्रॅक्टर ठेवला. प्लेट आणि सील आम्ही आमच्या खर्चाने टाकलं. मोडलेल्या सौद्यांपैकी एकच परत आला. त्या विक्रेत्याने आजतागायत चूक कबूल केलेली नाही, आणि आता त्याच्याच पाटीवर "कमी तास" मोठ्या अक्षरात असतं. हे मी विसरलेलो नाही.

पुढची नऊ वर्षं काम चालू राहिलं.

घेणाऱ्यांना एवढं सांगतो. टायरवर उत्पादनाची तारीख सांगणारे चार आकडे वाचा, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. दोनशे तासांच्या ट्रॅक्टरला टायरचा दुसरा जोड बसलेला असेल तर का, ते विचारा. पेडलच्या रबरावरच्या रेघा, खालच्या लिंकेजची भोकं लांबट झालीत का, पीटीओच्या दातांच्या कडा, हे सगळं हाताने चाचपा. गिअरबॉक्सचं ऑइल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. आणि ट्रॅक्टर उभा ठेवणार असाल तर टाकी भरून ठेवा, लाकडाचा ठोकळा लावून क्लच पेडल दाबलेलं ठेवा, महिन्यातून एकदा चांगला गरम होईपर्यंत चालवा. पाच मिनिटं सुरू करून बंद करू नका, त्याने आत ओलावाच धरतो.

गुरुजी गेल्यावर त्यांच्या मुलाने ट्रॅक्टर आमच्याकडेच आणला. मीटरवर २४३ तास होते. मी रात्री बसून वहीची बेरीज केली, ती २६८ आली. कमी आरपीएमवर ओढलेल्या ट्रॉलीचे पंचवीस तास मीटरने मोजलेच नव्हते, वहीने मोजले होते. ट्रॅक्टर विकताना वही सोबत दिली. परवा सर्व्हिसला आला तेव्हा ती सीटखालच्या टूलबॉक्समध्ये होती, गुरुजींच्या शेवटच्या ओळीखाली दुसऱ्या अक्षरात सात नोंदी होत्या.