चोर्ल्याच्या घाटातला विसावा

आमची दिंडी 3 जुलै 2024 रोजी पहाटे गोव्यातल्या साखळीच्या विठ्ठलापुरातून निघाली, तेव्हा वाळवंटी नदी दोन्ही काठांना लागून वाहत होती आणि पावसाने भिजलेल्या पताका काठ्यांना चिकटून बसल्या होत्या. देवळाच्या पायरीवर माथा टेकताना मी विठ्ठलाकडे काहीच मागितले नाही. मागण्याचा अधिकार आपण गमावला आहे, असे तेव्हा मला मनापासून वाटत होते.

तीस वर्षे मी लेखा विभागात नोकरी केली. पैशापैशाचा मेळ लागल्याशिवाय टेबल सोडायचे नाही, ही सवय अंगात इतकी मुरली की निवृत्तीनंतर मी माझ्याच वागण्याचा हिशेब तपासत बसू लागले. माझे वडील, ज्यांना आम्ही आप्पा म्हणत असू, शेवटची तीन वर्षे विस्मृतीच्या आजाराने ग्रासले होते. रात्री दोन-दोन वाजता उठून ते एकच प्रश्न विचारत, "वाळवंटीला पाणी किती आलं?" नदी फुगली की बाजारातला माल माळ्यावर चढवायची ती जुनी धांदल बाकी सगळे पुसले गेल्यावरही त्यांच्या मनात शिल्लक राहिली होती. मी पहिल्यांदा उत्तर देई, पाचव्यांदा देई, दहाव्यांदाही देई. एका रात्री मात्र मी त्यांच्या अंगावर ओरडले, "आता गप्प राहा!" ते गप्प राहिले, आणि चौथ्या दिवशी गेले. त्यांच्या मृत्यूचा माझ्या त्या शब्दांशी काही संबंध नाही, हे डॉक्टरांनी मला नीट समजावून सांगितले होते. तरीही ती वही मिटेना. तीन वर्षे केलेल्या सेवेची नोंद त्या वहीत कुठेच नव्हती. होते ते फक्त तीन शब्द.

समुपदेशनाचे शिक्षण घेणाऱ्या माझ्या भाचीने मला आत्मकरुणेविषयी सांगितले होते. क्रिस्टिन नेफ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी 2003 मध्ये या संकल्पनेची मांडणी करताना तिची तीन अंगे सांगितली: स्वतःशी मायेने वागणे, चुका आणि दुःख सर्वच माणसांच्या वाट्याला येतात हे ओळखणे, आणि वेदना न दडपता, तिच्यात वाहूनही न जाता, तिच्याकडे सजगपणे पाहणे. हे माझ्या बुद्धीला पटले, पण त्यापुढे गेले नाही. स्वतःवर माया करायची म्हणजे स्वतःला सूट द्यायची, अशी माझी समजूत होती. म्हणून मी वारीला निघाले ती प्रायश्चित्त म्हणून, आणि वहाणा पिशवीत ठेवून अनवाणी.

केरीपर्यंत निभावले. अंजुणे धरण मागे टाकून चोर्ल्याचा घाट चढू लागलो, तसे डांबराच्या खडीने तळवे सोलवटले आणि डाव्या टाचेवर मोठा फोड आला. पाऊस असा की पुढचा झेंडेकरी दिसेना. केवळ टाळांच्या आवाजाच्या मागे चालायचे. फोड दुखे तसे मला बरे वाटे, हे आज लिहितानाही जड जाते.

घाटात दिंडी विसाव्याला थांबली. विसावा हा दिंडीच्या चालण्याचाच भाग असतो. तो थकलेल्यांना दाखवलेली सवलत नसतो. विणेकऱ्यापासून तुळस डोक्यावर घेतलेल्या बायांपर्यंत सगळे एकाच वेळी थांबतात, आणि तेव्हा आपण किती चाललो, बसण्याइतके चाललो का, असे कुणी कुणाला विचारत नाही. मी मात्र उभीच होते. सत्तरी तालुक्यातून आलेल्या एका वयस्कर बाईने माझा हात धरून मला दगडावर बसवले, माझे पाऊल आपल्या मांडीवर घेतले, थर्मासमधल्या कोमट पाण्याने चिखल धुतला, फोड न फोडता त्याच्यावर स्वच्छ फडक्याची सैल पट्टी बांधली आणि म्हणाली, "हे पांय तुजे न्हय गो बाय, देवाचे. तांकां कित्याक मारता?"

मग वारीच्या रीतीप्रमाणे ती माझ्या पाया पडली. मी पाय मागे घेतला.

वारीत सगळेच एकमेकांच्या पाया पडतात आणि समोरच्याला माऊली म्हणतात. त्यात वय, जात, मान काही आड येत नाही. सकाळपासून मीही शंभरेक जणांच्या पायांना हात लावला होता. त्यांतल्या कुणी घरी काय केले, कुणावर हात उगारला, कुणाला उपाशी निजवले, हे मी विचारले नव्हते. विचारावे असे मनातही आले नव्हते. मग एवढ्या मोठ्या दिंडीत हिशेब तपासल्याशिवाय जिच्यापुढे वाकायचे नाही अशी एकच बाई का असावी, आणि ती मीच का? त्या दगडावर बसून मी पुष्कळ रडले. ती बाई माझ्या पाठीवर हात ठेवून मुकाट बसून राहिली. ती काही बोलली नाही याबद्दल मी तिची कायमची ऋणी आहे.

उठताना मी वहाणा घातल्या.

त्या रात्रीचा मुक्काम मलप्रभेच्या उगमाजवळ कणकुंबीला झाला. पुढे बेळगाव, मिरज, सांगोला अशी वाट उलगडत गेली. रोज पंचवीसेक किलोमीटर चालताना आप्पांची खोली, त्यांची खाट, ती रात्र माझ्यापासून लांब पडत गेली. मी काही विसरले नव्हते. पण घरात असताना त्या रात्रीला माझे नाक टेकलेले होते, म्हणून मला दुसरे काही दिसत नव्हते. माणदेशाकडची उघडी माळराने आणि डाळिंबांच्या बागा लागल्या, पाऊस मागे राहिला, तेव्हा त्या रात्रीतली दुसरी बाईही मला दिसू लागली: चार महिने एकही रात्र सलग न झोपलेली, एकटी, साठीला आलेली. दिंडीत अशी कुणी भेटली असती तर मी तिच्या हातात आधी चहाचा पेला दिला असता.

ओरडले ते चूकच होते, असे मी आजही म्हणते. त्या चुकीची नोंद मी खोडलेली नाही. तिच्या वर आणि खाली जे लिहायचे राहून गेले होते, तेवढे लिहिले.

दशमीला पंढरपूर गाठले. पदस्पर्शाची रांग फार लांब होती, म्हणून एकादशीला दुरून कळसाचे दर्शन घेतले, आणि तेवढ्याने माझे मन भरले. मग ती सत्तरीची बाई आणि मी चंद्रभागेत उतरलो. टाचेवरची कातडी नवी होती, पाणी लागताच चुरचुरली. मी लुगडे थोडे वर धरून उभी राहिले, खाली पाहिले, आणि आप्पांना सांगितले, "गुडघ्याएवढं आहे."