आमची वाटचाल – उद्यमनगरातलं ऑइलचं दुकान आणि जुनी इंजिनं

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात आमचं ऑइल-फिल्टरचं दुकान आहे, मागं दोन गाड्या उभ्या राहतील एवढं गॅरेज. सुरुवात वडिलांची. ते मिस्त्री, हाफ इंजिन आणि फुल इंजिनची, म्हणजे इंजिन अर्धं किंवा पूर्ण खोलून बांधायची कामं करायचे, आणि त्यावेळचं मुख्य गिऱ्हाईक म्हणजे वडापवाले, जीपमधनं गावोगावी सीटवर माणसं वाहणारे. कमांडर जीप, ट्रॅक्स, गगनबावडा, राधानगरी, गारगोटी या लाइनी, आत माणसं, मागं लोंबकळत माणसं, इंजिनाला दिवसभर उसंत नाही. मीटर बहुतेक गाड्यांचा बंदच असायचा त्यामुळं गाडी दोन लाख किलोमीटर पळलीय का पाच लाख हे मालकालाही माहीत नसायचं, वडील ऑइल भरायचं झाकण काढून हात धरायचे, बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरातनं खाली निसटून आलेला दाब, किती मारतंय बघायचे आणि सांगायचे, मामा, हे इंजिन या पावसाळ्यात काढायला लागतंय. त्यातनंच पुढं ऑइलचा काउंटर सुरू झाला कारण गाडी दुरुस्त करून दिली तरी बाहेरनं कसलंही सुट्टं ऑइल टाकलं की परत तेच.

मी दुकानात बसायला लागलो तेव्हा गिऱ्हाईक बदललं होतं. मारुती ८००, झेन, टॅक्सीला लावलेल्या इंडिका, क्वालिस. आणि ऑइलच्या डब्याशेजारी ॲडिटिव्हच्या, म्हणजे ऑइलमध्ये वरनं मिसळायच्या औषधाच्या बाटल्या यायला लागल्या होत्या, धूर बंद करणारी, गळती थांबवणारी, ॲव्हरेज वाढवणारी. त्यात मार्जिन ऑइलपेक्षा चांगलं, सेल्समन स्कीम घेऊन यायचे, एवढ्या बाटल्या उचला तेवढ्या फुकट. गिऱ्हाईकही तसंच यायचं, "दादा, ती धूर बंद करायची बाटली द्या की." गाडी किती तेल खात्या विचारलं तर "काय की, दिवा लागला की वततोय." तेव्हापासनं आम्ही एकच ठरवलंय, गाडी बघितल्याशिवाय बाटली द्यायची नाही. ऑइल कुठनं जातंय ते कळल्याशिवाय कुठली बाटली द्यायची हे कळूच शकत नाही, आणि आमचा धंदा जो काय वाढला तो यावरच वाढलाय हे मी छातीठोक सांगतो.

आता बघायचं म्हणजे काय, ते जरा सविस्तर सांगतो कारण लोक इथंच गडबड करतात.

सकाळी स्टार्ट करताना निळा धूर भसकन येतो आणि मग साफ होतो, किंवा पेट्रोल गाडी करूळ घाट उतरून खाली आली आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर मागं निळा ढग दिसला, तर संशय व्हॉल्व्ह सीलवर, व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीच्या रबरावर. रबर उष्णतेनं वर्षानुवर्षं कडक होतं, गायडातनं, म्हणजे व्हॉल्व्हचा दांडा ज्या नळीतनं सरकतो तिच्यातनं, ऑइल खाली उतरतं. इथं सील मऊ करणारं ॲडिटिव्ह द्यायला अर्थ आहे, त्यातली रसायनं कडक रबर थोडं फुगवतात, पण चार-पाचशे किलोमीटर तरी गाडी चालवायला लागते तेव्हा फरक कळतो. सील फाटलेलं असलं तर कशानंच काही होत नाही.

याउलट घाट चढताना, लोडवर, सतत निळा धूर असला आणि ब्रीदरला, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीला, ऑइल येत असलं तर मामला पिस्टनच्या रिंगांचा किंवा बोरचा, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीचा. तिथं कॉम्प्रेशन टेस्ट करायची, म्हणजे सिलिंडरात दाब किती बनतो ते मोजायचं. प्लगच्या भोकातनं चमचाभर ऑइल आत सोडून परत मोजायचं, आकडा वर गेला तर रिंगा, नाही गेला तर व्हॉल्व्ह. त्यातही रिंगा झिजल्यात का नुसत्या कार्बननं चिकटल्यात हा फरक आहे. चिकटलेल्या रिंगा हळूहळू सुटू शकतात, चांगल्या डिटर्जंटचं ऑइल आणि लवकर लवकर बदल यानं. झिजलेलं लोखंड बाटलीतनं परत येत नाही, मग मी सरळ सांगतो की पैसे साठवा, इंजिन काम करा, तोपर्यंत लेव्हल बघत चला.

धूर नाही पण खाली डाग पडतोय तर आधी गळती शोधायची. टॅपेट कव्हरचं पॅकिंग असलं तर ते स्वस्तात होतं, तिथं बाटली विकणं म्हणजे गिऱ्हाईकाचे पैसे घालवणं. क्रँकचं मागचं सील असलं तर गिअरबॉक्स उतरवायला लागतो, मजुरी मोठी, अशा वेळी आधी सीलचं ॲडिटिव्ह वापरून बघा असं मी स्वतःहून सुचवतो. पांढरा धूर आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असलं तर हेड गॅस्केट बघायचं, तिथं ऑइलच्या बाटलीचं कामच नाही.

काही जण थोडं ऑइल कमी झालं तरी घाबरून येतात. हजार किलोमीटरला एक लिटरपर्यंत चालतं असं काही कंपन्याच मॅन्युअलमध्ये लिहितात. एवढं जाऊ द्यावं असं माझं मत नाही, पण जुन्या गाडीला हजारी दोन-तीनशे मिली लागलं तर त्यात इंजिन उघडण्यासारखं काही नाही.

बाटल्यांमध्ये काय असतं तेही आम्ही काउंटरवर सांगतो. घट्ट मधासारखी जी असते ती पॉलिमरची, ऑइल दाट करते, त्यानं धूर आणि टॅपेटचा आवाज कमी होतो. पण तेच काम ग्रेड बदलून होतं. सेंटिस्टोक हे दाटपणाचं माप, १०० अंशाला ४० ग्रेडचं ऑइल १२.५ ते १६.३ सेंटिस्टोकमध्ये बसतं आणि ५० ग्रेडचं १६.३ ते २१.९ मध्ये, म्हणजे २०डब्ल्यू-४० वर चालणाऱ्या थकलेल्या मारुतीत २०डब्ल्यू-५० टाकलं की बाटलीची गरज बऱ्याचदा संपते. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला दाटपणा सांगतो, कोल्हापूरच्या थंडीत २०डब्ल्यूला काही अडचण येत नाही. मात्र व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंगची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडायची वेळ चालताना बदलणारी नवी इंजिनं, ज्यांना ५डब्ल्यू-३० किंवा ०डब्ल्यू-२० लागतं, त्यात दाट काही ओतायचं नाही, ऑइलच्या वाटा बारीक असतात.

मोली म्हणजे मॉलिब्डेनम डायसल्फाइड, ऑइल काळपट करतं, घर्षण कमी करणारा खरा पदार्थ आहे, इंजिन धड असलं तर वापरायला हरकत नाही. पण बाइकमध्ये नको, तिथं क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, सरकायला लागतो. झिंकचं, म्हणजे झिंक आणि फॉस्फरस असलेलं, झीज रोखणारं झेडडीडीपीचं ॲडिटिव्ह पद्मिनी-ॲम्बॅसेडर जपणारे लोक मागतात, नव्या ऑइलमध्ये ते कमी असतं या भीतीनं. त्यांची भीती बरोबर आहे, कारण धूर स्वच्छ करणारा सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होऊ नये म्हणून ५डब्ल्यू-३० सारख्या पातळ पेट्रोल ग्रेडमध्ये फॉस्फरस ०.०८ टक्क्यावर बांधलाय. पण दाट २०डब्ल्यू-५० ला ती मर्यादा लागू नाही, तेव्हा मी आधी त्यांचा ऑइलचा डबा बघतो. टेफ्लॉनवाल्या बाटल्या मी ठेवतच नाही. अमेरिकेत स्लिक ५० नावाच्या प्रॉडक्टच्या जाहिरातीतले झीज कमी होण्याचे दावे पुराव्याशिवाय आहेत म्हणून तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं कारवाई केली आणि १९९७ ला ते प्रकरण मिटलं, तेवढं माहीत असताना गिऱ्हाईकाला काय सांगून विकायचं?

आणि दोन बाटल्या एकदम कधीच नाही. चांगल्या ऑइलमध्ये कंपनीनंच साधारण दहा-वीस टक्के ॲडिटिव्ह मोजून घातलेलं असतं, तांबडा रस्सा जमलेला असताना वरनं आणखी दोन चमचे चटणी ओतली तर काय होईल ते सांगायला नको. बहुतेक गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये वेगळं काही टाकू नका असंच असतं.

फ्लशिंगबद्दल, म्हणजे इंजिन आतनं औषधानं धुण्याबद्दल, आमच्याकडं सगळ्यात जास्त वाद होतात. सेकंडहँड गाडी, हिस्टरी माहीत नाही, झाकण उघडलं की आत डांबरासारखा काळा थर, आणि मालक म्हणतो एकदा धुवून टाका. नाही. तो थर एकदम सुटला की चेंबरमधल्या, म्हणजे खालच्या ऑइलच्या टाकीतल्या, स्ट्रेनरच्या जाळीवर जाऊन बसतो, ऑइल वर चढत नाही, दिवा लागतो आणि बेअरिंग जातात. अशा गाडीला आम्ही साधंच चांगलं ऑइल आणि नवा फिल्टर, दीड-दोन हजार किलोमीटरला बदल, परत तसंच एकदा, असं करतो. वेळ लागतो पण इंजिन राहतं.

२०१९ चा महापूर आमच्यासाठी मोठा काळ होता. शाहूपुरी, कुंभार गल्ली पाण्याखाली, शिरोलीजवळ हायवे बंद, आणि पाणी उतरल्यावर गाड्या टोचन करून, दुसऱ्या गाडीनं ओढत, यायला लागल्या. ऑइल मोजायच्या गेजच्या पट्टीवर ऑइल दुधाच्या चहासारखं. लोक विचारायचे पाणी ओढून घेणारं काही असतं का, तर नसतं, सेल म्हणजे स्टार्टर न मारता पहिल्यांदा ऑइल काढायचं, प्लग काढून पाणी बाहेर काढायचं, स्वस्त ऑइल भरून थोडं फिरवायचं, परत काढायचं, ऑइल स्वच्छ दिसेपर्यंत. त्या दिवसात आम्ही बाटल्या विकल्याच नाहीत, नुसतं ऑइल आणि फिल्टर, तेही जमेल तेवढ्या कमी भावात, आणि २०२१ ला परत पाणी आलं तेव्हा हीच माणसं थेट आमच्याकडं आली. कित्येक जण स्टार्टर न मारता गाडी ढकलत घेऊन आले होते, त्याचं मला फार समाधान वाटलं.

आता पंधरा वर्षांच्या गाडीचं पासिंग, म्हणजे आरटीओतली नोंदणी, रिन्यू करायचा खर्च वाढलाय, एप्रिल २०२२ पासनं कारची फी सहाशेवरनं पाच हजार झाली, तरी लोक जुनी गाडी सोडत नाहीत कारण नवी परवडत नाही. त्यांच्यासाठीच हे दुकान आहे. काढलेलं ऑइल आम्ही गटारात सोडत नाही, सुट्टं विकतही नाही, डबे भरून परवानाधारक रिसायकलरला देतो.

येणार असाल तर एवढं करा, गाडी शक्यतो सकाळी थंड असताना आणा म्हणजे पहिल्या स्टार्टचा धूर बघता येतो, मागच्या वेळी कुठलं ऑइल टाकलं त्याचा डबा किंवा बिल असलं तर घेऊन या, आणि यायच्या आधी ऑइल टॉपअप करू नका, गेजवर आहे ती लेव्हल मला बघायची असते.